दांडी एक, कबुलीजबाब दोन

काही प्रकरणांचे कागद बंद होतात, पण मनात ती उघडीच राहतात. ज्या प्रकरणाबद्दल मी लिहिणार आहे त्यात कोणाला इजा झाली नाही, एकही गोळी सुटली नाही. तरीही त्यात मी नेमके काय केले, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

माझे वडील रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्या नोकरीमुळे मी लहानपणीच जर्मनीत लुडविग्सहाफेनला आलो, तिथेच शिकलो आणि पुढे शेजारच्या राज्याच्या पोलीस दलात भरती झालो. कानाच्या दुखण्यामुळे पन्नाशीतच निवृत्ती घ्यावी लागली. घरात मराठी आणि ठाण्यात जर्मन अशी वाटणी मी नोकरीभर सांभाळली. या प्रकरणात ती मोडली.

ऑक्टोबरमधली दुपार होती. माइन नदीकाठच्या एका वस्तीतून एका बाईंचा फोन आला. शेजाऱ्यांचे पार्सल त्यांनी घेऊन ठेवले होते आणि ते द्यायला त्या वरच्या मजल्यावर गेल्या होत्या. दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडले. आत जमिनीवर एक बंदूक ठेवलेली होती. तिच्यावर लाल डाग होते, समोर फुले होती आणि ज्योत जळत होती. "आणि केलरमध्ये गेले कित्येक आठवडे कानस घासल्याचा आवाज येतोय," असेही त्यांनी सांगितले. केलर म्हणजे इमारतीचे तळघर. तिथे प्रत्येक बिऱ्हाडाला सामानाची एक खोली असते.

माझ्या सहकारी बाई माझ्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठ्या होत्या. 'रक्तासारखे डाग' एवढे शब्द ऐकून त्यांनी बुलेटप्रूफ जॅकेट चढवले. मी आधी दिनदर्शिका पाहिली. त्या दिवशी खंडेनवमी होती.

गाडीत मी त्यांना समजावले, "आमच्याकडे या दिवशी हत्यारांची पूजा करतात. तो लाल रंग कुंकवाचा असेल."

"आल्झो," म्हणजे 'बरं तर', त्या म्हणाल्या, "मग बंदुकीच्या शेजारी काय काय सापडेल?"

"सुरी, कात्री, पेचकस. बहुधा लॅपटॉपसुद्धा."

तसेच निघाले. लॅपटॉपवर झेंडूचे फूल होते. माझा अंदाज खरा ठरला म्हणून मला जरा अभिमान वाटला आणि प्रकरण तिथेच संपले असे मी धरून चाललो.

घरातले कर्ते पुरुष मूळचे पुण्याचे इंजिनिअर. र्युसेल्सहाइमच्या एका कारखान्यात कामाला, आम्ही पोहोचलो तेव्हा नुकतेच घरी परतलेले. कार्यालयातल्या मित्रांच्या नादाने त्यांनी शिकारीची परीक्षा दिली होती, पण शिकार कधी केली नव्हती. मातीच्या तबकड्या उडवण्याचा खेळ मात्र मनापासून खेळत. बंदूक त्यांच्या परवान्यावर होती. छऱ्यांची, अर्धस्वयंचलित, बाजारातल्या सर्वांत स्वस्त बनावटींपैकी एक आणि तीही जुनी घेतलेली. स्वस्त वस्तू घ्यायची आणि घरी आणून तिला महागाची कळा आणायची, ही आपल्या इंजिनिअर मंडळींची हौस मला चांगली ठाऊक आहे. त्यांनी केलरमध्ये बसून लाकडी दस्ता आपल्या खांद्याच्या मापाने घासून घेतला होता, त्याला तेल पाजले होते, गालाखाली चामडे चढवले होते. शेजारणीने आणलेल्या पार्सलमध्ये खांद्याला धक्का कमी बसावा म्हणून मागवलेली रबराची गादी होती. यातले काहीच बेकायदा नव्हते.

मग माझ्या सहकारी बाईंनी नियमाप्रमाणे बंदूक तपासली. परवान्यातल्या नोंदीनुसार तिच्या काडतुसांच्या नळीत दोनच काडतुसे बसायला हवी होती. त्यासाठी नळीत भर म्हणून प्लास्टिकची एक दांडी असते. ती दांडी आत नव्हती. तपासणीसाठी वापरायची खोटी काडतुसे दोनाहून जास्त सहज आत गेली.

खोलीतले वातावरणच बदलले. नोंद न करता बंदुकीची क्षमता वाढवणे हा इथे गंभीर गुन्हा आहे. इंजिनिअरांचा जर्मन नागरिकत्वाचा अर्ज शेवटच्या टप्प्यावर होता. या कलमाखाली शिक्षा झाली असती तर तो तिथेच संपला असता. पत्नीचे दिवस भरत आले होते आणि बाळंतपणासाठी सासू-सासरे पुण्याहून आले होते. ते दोघे दारात उभे राहून माझ्या तोंडाकडे पाहत होते, कारण आत येताना मी त्यांना मराठीत नमस्कार केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात इंजिनिअरांचा जबाब घेतला. गप्प राहण्याचा हक्क मी त्यांना समजावून सांगितला. वकील नको म्हणाले. दांडीचा विषय निघताच जावई एका दमात बोलून गेले, "मीच काढली. जास्त काडतुसे बसावीत म्हणून."

"मग ती आता कुठे आहे?" सहकारी बाईंनी विचारले.

"फेकली. रेस्टम्युलमध्ये."

बाईंनी पेन खाली ठेवले. रेस्टम्युल म्हणजे इतर कचऱ्याचा काळा डबा. आमच्या भागात प्लास्टिकच्या वस्तू, पॅकिंगसकट, वेगळ्या पिवळ्या डब्यात जातात. "इतकी वर्षे जर्मनीत राहता, कारखान्यात दर्जा तपासता, आणि प्लास्टिक रेस्टम्युलमध्ये?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "हा माणूस खोटं बोलतोय."

मला हसू आले, पण त्यांचा तर्क बिनतोड होता.

तेवढ्यात खालून निरोप आला की एक वृद्ध गृहस्थ आले आहेत आणि अटक करा म्हणत आहेत. ते सासरे होते. शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, एन.सी.सी.चे अधिकारीही होते. इस्त्रीचा शर्ट घालून, ताठ उभे.

"अहो साहेब, बंदुकीला हात मी लावला. दांडी मी काढली. जावईबापूंचा काही संबंध नाही."

"काका, मग दांडी कुठे आहे?"

"नदीत टाकली."

"कोणत्या नदीत?"

"ती... इथली मोठी."

बाहेरच्या खोलीत येऊन सहकारी बाई म्हणाल्या, "मी नोकरीभर नाकारणारी माणसं पाहिली. तुमच्याकडे गुन्हा कबूल करायला रांग लावतात का?"

जावई सासऱ्यांवर शब्द येऊ देणार नाही आणि सासरे जावयावर, एवढे मला कळत होते. पण त्यातला एक जण खरे बोलत असेलच, असेही मी धरून चाललो होतो. काळा डबा आम्ही हातमोजे घालून उपसला. त्यात केळ्याच्या साली निघाल्या, दांडी निघाली नाही. नदी उपसणे शक्य नव्हते. दोन्ही जबाब समोरासमोर ठेवले तर एकमेकांना खोडत होते, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर मला खोटेपणाऐवजी भीतीच दिसत होती. संध्याकाळपर्यंत माझे डोके पार चक्रावले.

सासूबाईंचा जबाब राहिला होता. त्यांना ठाण्यात बोलावण्याऐवजी आम्ही घरी गेलो. आत पाऊल टाकताच त्यांनी चहा ठेवला. नको म्हणायला मला जमले नाही, आणि सहकारी बाईंना आल्याचा वास आवडला.

मी ओट्याजवळ उभा राहून म्हणालो, "काकू, मी काही विचारणार आहे. पण तुम्ही घरच्या आहात. उत्तर दिलं नाही तरी चालतं."

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "प्रश्न विचारायचा आणि वर सांगायचं, उत्तर देऊ नका. मग विचारता कशाला?"

याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे, जवळच्या नातेवाइकाला आपल्या माणसाविरुद्ध बोलायची सक्ती नसते, पण चहाचा कप हातात घेऊन ते सांगता येत नाही. मी खिडकीकडे पाहत राहिलो. तिथे कढीपत्त्याचे कोवळे रोप होते. लेकीने हौसेने लावलेले, थंडीने वाकलेले. त्याला पूजेच्या लाल-पिवळ्या धाग्याने एका काळ्या गुळगुळीत काडीशी बांधले होते.

"काकू, ही काडी कुठली?"

"ही होय? त्या छोट्या खोलीत टेबलावर पडली होती. पॅकिंगमधली असेल. चांगली सरळ, गुळगुळीत. टाकवेना."

पुढचा सगळा क्रम त्यांनीच सांगितला. कोणी विचारले नव्हते म्हणून आतापर्यंत सांगितला नव्हता. दस्त्याचे तेल वाळत होते, म्हणून जावयांनी बंदूक सुटी करून टेबलावर पसरली होती. खंडेनवमीच्या सकाळी कारखान्यातून तातडीचे बोलावणे आले आणि ते तशीच सोडून धावले. सासूबाईंनी टेबल आवरले. पूजेच्या वेळी सासरे म्हणाले, सुटी केलेली वस्तू पूजेला ठेवायची नाही, आणि एन.सी.सी.त शिकल्याप्रमाणे त्यांनी ती जोडली. जोडताना काही कमी आहे, हे त्यांना कळले नाही. ती आत नाही हे तपासणीत कळल्यावर जावयांना वाटले, दांडी सासऱ्यांनी काढली. सासऱ्यांना वाटले, जावयांनी काढली असावी, पण नाव आपण घ्यावे. दोघेही एकमेकांना वाचवत होते, आणि ज्या गोष्टीपासून वाचवत होते ती घडलीच नव्हती.

सासरे दारात उभे राहून ऐकत होते. ते हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्याकडून एक भाग राहिला?" अटकेची तयारी करून आलेल्या त्या माणसाला आता पहिल्यांदा लाज वाटत होती.

मी ते सगळे जर्मनमध्ये सांगितले आणि हलका झालो. सहकारी बाई मात्र झाल्या नाहीत. पुरावा ठेवायची पिशवी उघडत त्यांनी मला जर्मनमध्ये विचारले, "बंदूक टेबलावर उघडी होती आणि परवाना नसलेल्या माणसाने ती जोडली. हे लिहिणार ना?"

तेव्हा माझ्या लक्षात आले. ज्या सत्याने इंजिनिअर मोठ्या गुन्ह्यातून सुटत होते, तेच त्यांना लहान गुन्ह्यात अडकवत होते. आणि ते सत्य मला चौकशीच्या खोलीत मिळाले नव्हते. मला आपला माणूस समजणाऱ्या बाईंनी ते चहाबरोबर दिले होते.

मी लिहिले, सगळेच लिहिले. सरकारी वकिलांनी गुन्ह्याचा खटला काढून टाकला. हलगर्जीपणाबद्दल परवाना मात्र रद्द झाला आणि घासूनपुसून सजवलेली ती बंदूक जमा झाली. नागरिकत्वाचा अर्ज चौकशी पूर्ण होईपर्यंत अडकून राहिला आणि नंतर मंजूर झाला. परवाना गेल्याचे इंजिनिअरांनी मला कधी बोलून दाखवले नाही. एकदा बाजारात भेटले तेव्हा बाळाची गाडी ढकलत होते. तिचा दांडा त्यांनी आपल्या उंचीच्या मापाने वाढवून घेतला होता.

मला न्याय झाला असे वाटते. मग काकूंच्या चहाची आठवण अजून का टोचते, हे मात्र कळत नाही. त्यांना मी सावध केले होते, पण त्या शब्दांचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोहोचला की नाही, हे पाहायला मी थांबलो नाही. खंडेनवमी ओळखली म्हणून ही माणसे आपल्याला कळली, असे मला वाटले होते. दोन दिवस मी सगळ्यांना एकच विचारत होतो, दांडी कोणी काढली? त्या प्रश्नात गुन्हेगार आधीच बसलेला होता. उत्तर देणाऱ्याला फक्त आपले नाव घालायचे होते, आणि दोन भल्या माणसांनी ते घातले.

त्या संध्याकाळी मी धागा सोडला आणि दांडी पिशवीत घातली तेव्हा रोप लगेच कलंडले. काकूंनी ते दोन बोटांनी सावरून धरले.

"हे नेताय ते ठीक," त्या म्हणाल्या, "पण आता याला काय लावू?"

दोन दिवसांत त्या घरात विचारलेला तो सर्वांत सरळ प्रश्न होता. मी खिसे चाचपले. खिशात फक्त पेन होते, आणि अहवाल अजून लिहायचा होता.