मेघालय राहिलं, मानखुर्दची साक्ष झाली

माझं नाव सुवार्ता. ख्रिस्ती घरातल्या पोरींना अशी नावं मिळतात. शाळेत मला सगळे 'बातम्या' म्हणायचे. मी मुलुंडला राहते, विम्याच्या कचेरीत काम करते आणि सुट्टी दिसली की बॅग उचलते. विश्वास आणि पायाची भिंगरी, दोन्ही आईकडून आलं. त्यामुळे आमच्या चर्चची मिशन टीम जानेवारीत मेघालयला जाणार हे कळल्यावर मी सरळ लोकरीची टोपीच घेऊन आले. ऑक्टोबरच्या उकाड्यात घालून आरशात बघितलीसुद्धा. झकास दिसत होती.

पण पाळकसाहेब म्हणाले, "मेघालयची एकच जागा उरलीये. आधी तीन दिवस चष्म्यांच्या शिबिराबरोबर आपल्याच उपनगरांत फिर. शुक्रवारी अकराला बोरिवलीच्या चर्चमध्ये मुलाखत. आली नाहीस तर जागा दुसऱ्याला. आणि रविवारी उपासनेत साक्ष दे."

आमच्यात साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्या मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. हा शब्द लक्षात ठेवा, सगळा घोळ त्यानेच घातला.

"साकीनाका, मानखुर्द, घाटकोपर?" मी तोंड वाकडं केलं. "ही काय मिशनची ठिकाणं झाली?"

"का गं, तिथल्या माणसांना डोळे नसतात?"

झालं. मंगळवारी सकाळी आम्ही तिघं एक पत्र्याची ट्रंक घेऊन निघालो. एस्तेर मावशी, रिटायर्ड नर्स, डोळे तपासण्यात तरबेज आणि बोलण्यात तिखट. शमुवेल चष्म्याच्या दुकानात काम करतो, वय पस्तीस, उत्साह पाच वर्षांच्या पोराचा. आणि मी, नावं लिहून घेणारी.

मुलुंडहून साकीनाक्याला पवईमार्गे रिक्षा करा, पण नऊच्या आत निघा, नाहीतर तलावाचा प्रत्येक कोपरा पाठ होतो. आम्ही साडेनऊला निघालो. रिक्षावाल्याने विचारलं, "पेटी में क्या है?" चष्मे, तेही फुकट, हे कळल्यावर तो म्हणाला, "तो मेरा भी देखो ना." ट्रॅफिक हलत नव्हताच. मावशींनी जागेवर त्याचे डोळे तपासले आणि चष्मा चढवला. त्याने मीटरकडे बघितलं. "अरे बाप रे! इतना हुआ?"

साकीनाक्याला एका गल्लीत, लेथ मशीनच्या खडखडाटात, आम्ही दिवसभर चष्मे वाटले. दुपारी कारखान्यातल्या कामगारांनी त्यांच्या डब्यातली अंडाभुर्जी पुढे केली. ट्रंकेवर बसून खाल्ली. मेघालयचं विसरायला झालं, पाच मिनिटं.

बुधवारी कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरने मानखुर्द. स्टेशनपासून शेअर रिक्षा मिळते, ट्रंकेचे वेगळे पैसे मागतात, भांडा. एका इमारतीखाली टेबल मांडलं. पहिल्याच आल्या सुलभाताई. वय अठ्ठावन्न, मूळच्या मालवणकडच्या, इथे चार कचेऱ्यांना पोळ्या पुरवतात, आणि सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून वैतागलेल्या. मावशींनी चष्मा चढवून वाचायचा तक्ता हातात दिला. तो पाळकसाहेबांनी हौसेने छापून घेतला होता आणि सगळ्यात बारीक ओळीत शुभवर्तमानाचं वचन होतं. सुलभाताईंनी ते मोठ्याने वाचलं, चष्मा नाकावर खाली ओढला आणि मावशींना न्याहाळलं.

"काय गो, डोळे तपासतास काय माका बाटवतास?"

रांगेतले सगळे आमच्याकडे वळले. 

"बाई," मावशी म्हणाल्या, "शेवटची ओळ वाचलीत म्हणजे नंबर बरोबर आहे. धर्म तुमचा तुमच्याकडे ठेवा, चष्मा घेऊन जा."

सुलभाताई खळखळून हसल्या. "मग तुमी फिरतास कित्याक?"

शमुवेल छाती फुगवून म्हणाला, "आम्ही साक्ष द्यायला फिरतो, ताई."

त्यांचा चेहराच बदलला. खुर्ची पुढे ओढून बसल्या. "साक्ष? किती जणा आसास?"

"तिघं."

"तीनच होये! आधार कार्डा आसत?"

मग सगळं कळलं. त्यांचं लग्न ठरलं होतं. नवरा मुलगा वय बासष्ट, त्याच इमारतीतले मधुकरराव, शिलाई मशीन दुरुस्त करतात. दोघांचेही जोडीदार वारलेले. मधुकरराव बौद्ध, या कोकणातल्या हिंदू. कोर्ट मॅरेजची नोटीस दिली होती; नोटिशीनंतर महिनाभर थांबून तीन महिन्यांच्या आत लग्न करावं लागतं, आणि ती मुदत शुक्रवारी संपत होती. तीन साक्षीदार लागतात. सुलभाताईंच्या भावाला जात आडवी आली, मधुकररावांच्या मुलाला राहती खोली, आणि कबूल केलेल्या तिघांनीही आयत्या वेळी टांग दिली. शेजारी म्हणत होते, घरच्यांच्या भानगडीत कोण पडणार?

"पुन्हा नोटीस द्या ना," शमुवेल म्हणाला.

"परत म्हयनोभर वाट बघूची? तेवढ्यात माझो भाव ह्यांका पळवून लावतलो. काल दारात येऊन दोन तास बोंबललो." सुलभाताईंनी पदराने डोळे पुसले, मग नवा चष्मा पुसला. "शुक्रवारी साडेधा वाजता, वांद्र्याक."

शुक्रवारी अकराला मी बोरिवलीला! मला राग आला. त्या दोघांवर नाही, त्या शुक्रवारवर. 

गुरुवारी घाटकोपरला आम्ही तो तक्ता ट्रंकेतच ठेवला आणि पेपरातल्या साड्यांच्या जाहिराती वाचायला दिल्या. लोक दोनदा वाचत होते. दुपारी शेवपुरी खाताना मी मावशींना म्हटलं, "तिसरा साक्षीदार दुसरा कोणी शोधूया ना."

"शोध की," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळपर्यंत वेळ आहे."

मी सात जणांना फोन केले. सहा जणांना ऑफिस होतं. सातव्याने विचारलं, "जातीचं काही लफडं नाही ना?" मी फोन ठेवला आणि पाळकसाहेबांना लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मुलाखत पुढे ढकलता येणार नाही, सुवार्ता. तिकिटं काढायचीयेत. तुझं तू ठरव."

शुक्रवारी सव्वादहाला मी वांद्र्याच्या कचेरीबाहेर झेंडूचे दोन हार घेत होते. मधुकरराव इस्त्रीच्या सफारीत, घामाघूम. सुलभाताई मोतिया रंगाच्या साडीत, अबोलीचा गजरा, आणि आमचा चष्मा.

आत विवाह अधिकाऱ्यांनी आमची आधार कार्डं उलटसुलट करून बघितली. "साक्षीदार वधूवरांना कधीपासून ओळखतात?"

शमुवेलने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. आता खोटं बोललं तर देवाला काय तोंड दाखवायचं, आणि खरं बोललं तर लग्नाची वाट लागणार.

"बुधवारपासून," मावशी म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. सुलभाताईंनी मधुकररावांची बाही घट्ट धरली.

"बुधवारपासून," ते परत म्हणाले. कपाळ चोळलं. "ओळख किती जुनी हवी, असं कायद्यात काही लिहिलेलं नाही. सही करा."

मधुकरराव आपला चष्मा घरीच विसरले होते. म्हणून सुलभाताईंनी सही केली, चष्मा काढला आणि त्यांच्या नाकावर चढवला. त्यांनी त्याच चष्म्यातून सही केली. मग साक्षीदार क्रमांक एक, दोन, तीन. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. खरं सांगते, मला रडू आलं, आणि निम्मं मेघालयसाठी होतं.

लग्नाची पंगत बाहेरच्या उडप्याकडे बसली. पाच मसाला डोसे, पाच कॉफ्या. बिल द्यायला मधुकररावांनी कोणाला हात लावू दिला नाही.

जागा अर्थातच दुसऱ्याला गेली. टोपी मी कपाटात वरच्या फळीवर टाकली आणि शनिवारभर फुगून बसले. रात्री बसून साक्षीची दोन पानं लिहिली, त्यात 'नम्रता' हा शब्द चार वेळा आला.

रविवारी मुलुंडच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी माझं नाव पुकारलं. मी पानं घेऊन उठले, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "थांब गो चेडवा."

सुलभाताई. 'चेडू' म्हणजे त्यांच्या मालवणीत पोरगी. मधुकररावांना घेऊन आल्या होत्या. मावशींनी पत्ता दिला होता, आणि मेघालयची भानगडही सांगितली होती.

"मी काय तुमच्यातली नाय," त्या उभ्या राहून मंडळीला म्हणाल्या. "पण हय साक्ष देतत म्हणान ऐकलंय, तर माका देवची आसा. आमच्या लग्नाक आमची माणसा इली नाय. ह्या चेडवाक दुसरीकडे जावचा होता, तरी ता इला."

इतकंच म्हणून त्या खाली बसल्या. मी पानं घडी करून पर्समध्ये ठेवली. 

मग त्यांना काहीतरी आठवलं. पुन्हा उठल्या.

"आणि हयसर कोणाच्या लग्नाक साक्षीदार कमी पडलो तर सांगा. आमी दोघा आसव. आधार कार्डा घेऊन येतव."

सगळ्यात पहिलं 'आमेन' एस्तेर मावशींचं होतं.