कॉम्प्युटरला दिलेला कूलर
ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात माझा दादा पुण्याहून छोटा कॉम्प्युटर घेऊन आला. मित्राचा, महिनाभराच्या बोलीवर. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची, पाच मिनिटं कर्कश शिट्ट्या ऐकायच्या, मग खेळ सुरू. जूनमध्ये दादा नोकरीसाठी परदेशी जाणार होता. त्याआधी आम्हा दोघांना मिळून खेळाची शेवटची पातळी गाठायची होती. त्याच्याबरोबरचा तेवढाच वेळ माझ्या वाट्याला उरला होता.

पण आम्ही राहायचो नागपूरजवळ, कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत, आणि तिथला मे कुणाचे लाड करत नाही. वीस मिनिटांत कॉम्प्युटरचा अडॅप्टर इस्त्रीसारखा तापायचा, चित्र थिजायचं, की पुन्हा शिट्ट्या. दादा म्हणे, पंखा पुरे. पंखा खोलीतलीच झळ फिरवायचा. मी हट्टाला पेटले, कूलरच हवा. घरात कूलर एकच, बाबांच्या खोलीत. बाबा केंद्रातून रात्रपाळी करून यायचे आणि दिवसा त्याच्यासमोर झोपायचे.

मी विचारलंच. लाज नावाची गोष्ट तेव्हा माझ्यात फारशी नव्हती.

"आणा ना कॉम्प्युटर इकडं, माझ्या खोलीत," बाबा म्हणाले. "मी बाहेर पंख्याखाली पडतो."

पाहुण्याला बसवावं तसा आम्ही कॉम्प्युटर थेट कूलरच्या तोंडाशी बसवला. तासाभरात बटणं ओलसर झाली आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या. बाबा डोळे चोळत आले आणि हसायलाच लागले.

"काहून वं, त्याले आंघोळ घालून राहिली का? मशीनले पाणी पाह्यजे, पण आंगाले नाही लागलं पाह्यजे. आमच्या तिकडं केंद्रात पाणी पायपातनं फिरवते."

त्यांनी आईची शेकायची रबरी पिशवी माठातल्या पाण्यानं भरली, बूच घट्ट लावलं, पुसून कोरडी केली आणि तिच्यावर अडॅप्टर ठेवला. खेळ दोन तास चालला! आता बाबांची खोली त्यांना परत द्यायला हरकत नव्हती. पण कूलरसमोर बसून खेळायची आम्हाला चटक लागली होती. महिनाभर बाबा बाहेरच्या खोलीत घामाघूम होऊन झोपले, आणि मधेच उठून पिशवीतलं पाणी बदलून जायचे. त्यांची झोप होते का, हे आम्ही एकदाही विचारलं नाही.

दादा निघायच्या आदल्या दुपारी आम्ही शेवटच्या पातळीवर पोचलो. बाबा पिशवी घेऊन आले होते, ते उभेच राहिले.

"मले बी खेळू दे ना वं एक डाव."

"उद्या, बाबा," मी पडद्यावरची नजर न हलवता म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दादा गेला, कॉम्प्युटरही गेला. दादाची आठवण आली की मी आजही फोन करते, तासभर भांडते. बाबा आता नाहीत; त्यांची फार येते. त्या मे महिन्यातली एक दुपार परत मिळाली ना, तर मी त्यांना त्यांच्याच पलंगावर कूलरसमोर झोपू देईन, आणि उठले की आधी खेळायला बसवीन.