डोळ्यांतली हळद

दुसऱ्याचं यकृत पोटात घेऊन जगणाऱ्या बाईने देवाकडे आणखी काय मागावं, असं लोक म्हणायचे. मला मात्र रोज एकच धास्ती. शरीर परकं यकृत कधीही नाकारू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अपघातात गेलेल्या कुणा अनोळखी तरुणाचं ते दान. त्याचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. देवाने एकदा वाचवलं खरं, पण तो पुढेही लक्ष ठेवील यावर माझा विश्वास बसत नव्हता.

सांगलीत आमचा हळदीचा व्यापार. घरात उंबऱ्यापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळं पिवळं. नवरात्रात मला थकवा येऊ लागला, चेहराही पिवळट दिसायला लागला. आमचे हे हसून म्हणाले, "हळदवाल्याची बायको पिवळी नाही तर काय निळी दिसणार?" मीही हसले आणि मनाचं समाधान करून घेतलं.

शुक्रवारी कृष्णाकाठच्या देवळात देवीची ओटी भरायला गेले. शेजारी बसलेल्या एका खेड्यातल्या बाईने रीतीप्रमाणे मला हळदीकुंकू लावलं आणि हनुवटी धरून ती तशीच थांबली.

"आवं ताई, हळद म्या आत्ता लावली. तुमच्या डोळ्यांत आदीच कुठनं आली? लय पिवळं हाय. दवाखान्यात जावा, आजच जावा."

ओटी देवीपुढे ठेवून मी तशीच निघाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोटात सुई घालून यकृताचा तुकडा तपासला. शरीराने त्याला नाकारायला सुरुवात केली होती. औषधं वाढवली आणि दिवाळीच्या तोंडावर डोळे निवळले. सुईला मी किती भ्याले ते पाहून डॉक्टर म्हणाले, "परदेशात नवीनच आढळलंय. तुमच्यासारख्या बाईच्या रक्तात यकृत देणाऱ्या पुरुषाच्या डीएनएच्या खुणा सापडतात. पुढेमागे नुसत्या रक्तावरूनही यकृताचं बरंवाईट कळेल." तो अनोळखी तरुण माझ्या रक्तातही आहे, हे ऐकून मला रडू कोसळलं.

मला सख्खा-चुलत कुणीच भाऊ नाही. अशा बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, तशी मीही लहानपणापासून ओवाळत आले. त्या वर्षी भाऊबीजेच्या संध्याकाळी गच्चीवरून बीजेची कोर दिसली, तेव्हा निरांजनाचं तबक मी आधी स्वतःच्या उजव्या बरगडीपाशी फिरवलं. देवळातली ती बाई कोण, कुठली, मला कधीच कळलं नाही. ज्या देवाने तिला माझी हनुवटी धरायला लावली, त्याच्यावर आता सगळं सोपवलं आहे. माझं यकृत टिकव, म्हणून इतके दिवस साकडं घालत होते. त्या दिवशी देवाकडे काहीच मागितलं नाही. "राहा रे दादा," एवढंच म्हटलं, आणि मग चंद्राला ओवाळलं.