लेण्यातली पंगत

हे कुणाला सांगायचं नाही, असं मथूने मला दोनदा बजावलं आहे. तुम्ही मुरूडचे नाही आणि धाकू तांडेलाच्या होडीतून कधी जाणार नाही, म्हणून सांगते. मी आयुष्यात एकच बेत आखला आणि त्या बेताने अख्खं गाव घाबरवलं. मीही त्यात आलेच.

बेत साधा होता. आमच्या शाळेतल्या आम्ही सातवीच्या अकरा मुली आणि आमच्या बाई, मिळून बाराजणींनी दसरा झाला की कुड्याची लेणी बघायला जायचं. आगरदांड्याहून भरतीबरोबर होडीने खाडीत शिरायचं, डोंगर चढायचा, लेण्यात जेवायचं, ओहोटीबरोबर परत यायचं. आजवर मुलींना एवढ्या लांब कुणी नेलं नव्हतं. बाई घरोघर जाऊन परवानगी मागून आल्या होत्या.

सगळ्यांत जास्त ओढ मथूला होती. मथू माझ्याच बाकावर बसते. तुळशीचं लग्न झालं की तिचंही लग्न, आणि मग तिची शाळा बंद. "मला एकदा तरी असं कुठंतरी जाऊ दे, जिथं माझ्या सासरचं कुणी गेलेलं नसेल," असं ती म्हणायची.

माझी मावशी त्या लेण्यांच्या डोंगराखालीच राहते. भाद्रपदात मी तिच्याकडे होते, तेव्हा बाईंचं कार्ड आलं. 'कुसुम, बाराजणींची पंगत एका लेण्यात बसेल का, ते पाहून कळव.'

दुसरी कुणी असती तर मावशीला विचारून मोकळी झाली असती. पण मला विचारणं जमत नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नाही, ते उत्तर दुसऱ्या कुणीतरी देईपर्यंत वाट बघते. तेव्हा मावशी दुपारी आडवी झाल्यावर मी गुपचूप डोंगर चढले.

भर दुपार होती. वर एक पाखरू बोलत नव्हतं. लेण्यात पाऊल टाकलं की बाहेरचं ऊन मागे राहतं आणि ओल्या दगडाचा गार वास येतो. भिंतीत कोरलेली माणसं आहेत, हातात हात घेऊन उभी. त्यांची नाकं झिजली आहेत. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. आत एक दगडी ओटा आहे, एका माणसाच्या मापाचा. कोणे एके काळी तिथे कुणीतरी झोपत असणार. मी त्याच्याकडेही बघितलं नाही.

नुसत्या नजरेने अंदाज येईना. म्हणून सागाची बारा पानं तोडून आणली आणि ओळीने मांडली. जेवताना खाडी दिसावी म्हणून सगळ्यांची तोंडं खाडीकडे केली. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येक पानावर एक खडा ठेवला, तोही सवयीने डावीकडे वर, मीठ वाढतात तिथे. पंगत बसत होती. मी खूश होऊन खाली आले आणि बाईंना कार्ड टाकलं.

आता माझी अक्कल बघा. पानं तशीच राहिली होती. खाडी दक्षिणेला होती. आणि पक्षपंधरवडा चालू होता, ज्या दिवसांत घरोघर मेलेल्या माणसांना जेवू घालतात आणि दक्षिणेकडे तोंड करून पान कुणासाठी मांडतात, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी लाकडं आणायला गेलेली भागी मोळी वरच टाकून धावत आली. गावभर झालं. लेण्यात पंगत मांडलीय. पानं हायेत, मीठ हाय, मानूस न्हाय.

मी घरात तांदूळ निवडत होते. तेव्हाच बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. मी तांदूळ निवडत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकू तांडेल मावशीच्या अंगणात आला. आमची होडी त्याचीच ठरली होती. त्याच्या मागून आठदहा माणसं आली.

"तुमच्या बाईला कळवा, माजी होडी न्हाय येनार," तो मावशीला म्हणाला. "मी सोता जाऊन मोजली पानं. तेरा हायेत."

आत तांदूळ पाखडताना माझ्या हातातलं सूप थांबलं. मी बारा मांडली होती.

"होडीत बसनार बारा," तांडेल हळू आवाजात म्हणाला. "पानं तेरा. वाटंत तेरावी कोन चढंल, सांगा तुमी."

मी बोटांवर पुन्हा मोजली, बाराच येत होती. पण लगेच मथूचा चेहरा डोळ्यांपुढे आला. होडी नाही म्हणजे सहल नाही, आणि तिला पुढची सहल नाही. मी उठले, सूप घेऊनच ओटीवर गेले आणि जन्मात पहिल्यांदा दहा माणसांसमोर मोठ्याने बोलले.

"पानं मी मांडली."

सगळे माझ्याकडे वळले. भागी दोन पावलं मागे सरली.

"ही कोन?" तांडेलाने विचारलं.

"माझी भाची, कुसुम," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे टक लावून बघत सावकाश म्हणाली, "पन आमची कुसुम चार मानसांत तोंड उघडत न्हाय."

"तू कोन हायेस गो बाय?" तांडेल मला म्हणाला. आवाज एकदम मऊ.

"कुसुमच."

"व्हय, व्हय. आनि पानं कुनासाठी मांडलीस?"

"बाराजणींसाठी."

"कवा येनार त्या?"

"दसरा झाला की. तुमच्याच होडीतून."

तांडेलाने डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. मावशीने अंगारा आणायला आत धाव घेतली. मी एकही शब्द खोटा बोलत नव्हते हो. पण जितकं खरं सांगावं तितके ते पांढरे पडत होते.

"आनि न्हाय आनल्या तर?"

"तर एकजण फार रडेल."

"कोन रडंल?"

"लग्न ठरलेली मुलगी आहे एक," मी म्हटलं. "तिला लग्नाआधी एकदा तिथं जायचंय."

घाबरून माझे हात थरथरत होते आणि सुपातले तांदूळ आपोआप खाली सांडत होते. त्यानेच काम केलं असावं. तांडेलाने दोन्ही हात जोडले.

"आनतो, आये. बाराजनींना आनतो. कुनाला रडवू नको."

मग मावशीने माझ्या कपाळाला, गळ्याला आणि, का कोण जाणे, दोन्ही कोपरांना अंगारा लावला. मी झोपले ती संध्याकाळपर्यंत उठले नाही. गावाने त्याचाही अर्थ लावला.

सहल झाली. तांडेलाने होडी धुऊन, पुढच्या टोकाला झेंडूचा हार बांधून आणली आणि सबंध खाडीभर माझ्याकडे पाठ केली नाही. बाईंना वाटलं, किती अदबीचा माणूस.

लेण्यात माझी पानं तशीच होती, वाळून तपकिरी झालेली. बारा. शेवटी एक तेरावं होतं. ते हिरवं होतं आणि जेवून उठल्यावर मिटतात तसं अर्धं मिटलेलं होतं. कुणी गावकऱ्याने आणून ठेवलं असेल असं बाई म्हणाल्या. असेलही. मी मावशीला गावात एकेकाला विचारायला लावलं, कुणीच कबूल होत नाही.

मथू मात्र त्या दगडी ओट्यावर जाऊन बसली, तळव्याने तो चाचपत राहिली. "इथं राहणाऱ्यांना कुणी म्हणत नसेल ना, चहा टाक, पाहुणे आलेत," ती म्हणाली. परतायची वेळ झाली तरी उठेना. होडीत मी तिला कानात सगळं सांगितलं. तोंडात पदर कोंबून ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बराच वेळ येत राहिलं. मग म्हणाली, "खरं काय ते सांगू नकोस हं कुणाला. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाचं तरी लग्न ठरेल. तांडेलाला भीती राहिली पाहिजे."

म्हणून मी गप्प आहे. गप्प राहणं मला कधीच जड गेलं नाही. आता दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा मावशीकडे आले आहे, कोपऱ्यात बसून हे लिहिते आहे आणि बाहेर

"कुसे, हात धू नि ओटीवर ये. तळा गावाहून मानसं आलीत. त्यांची म्हस दूध देत न्हाय, तुला विचारायचं म्हनतात. आनि सूप घेऊन ये बरं."

बघा, सकाळपासून ही तिसरी म्हैस. आता जाऊन काय सांगू? मला म्हशींबद्दल ठाऊक आहे ते एवढंच, की