चार म्हणजे किती?

कोपरीच्या महापालिका शाळेत कांताबाईंनी उभी हयात पोरांना गणित शिकवण्यात घालवली. आकड्यांनी त्यांना कधी दगा दिला नव्हता. पण गेल्या दिवाळीनंतर घरात एकापाठोपाठ एक दोन निकाल आले आणि बाई अशा काही गोंधळल्या की विचारू नका.

निकाल घरच्याच मुलांचे होते. एक त्यांचा मुलगा सम्यक, दुसरी भावाची मुलगी अमृता. दोघं एका वयाची, एकाच शाळेतली, पुढे इंजिनिअरिंगलाही एकाच कॉलेजात. सम्यक कायम पुढे. अमृता परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याच्या वह्या मागायला यायची आणि आत्याच्या हातचं जेवून जायची. कांताबाईंचे यजमान लवकर गेले. तेव्हापासून त्यांचं कोपरीतलं घर आणि भाऊ रत्नदीपचं नौपाड्यातलं घर ही नावालाच दोन राहिली होती.

कॉलेज संपलं तसं दोघांनी बाहेर शिकायचं काढलं. रत्नदीपने एका सल्लागाराकडे खेटे घातले. त्याने अमृतासाठी इंग्लंडचं एका वर्षाचं मास्टर्स सुचवलं. फीचा आकडा ऐकून कांताबाईंनी कपाळाला हात लावला, पण रत्नदीपने फ्लॅट तारण ठेवला आणि कर्ज काढलं. सम्यकने मात्र सल्लागाराचं तोंड पाहिलं नाही. स्वतःच इंटरनेटवर बसून त्याने जर्मनी शोधून काढली.

“आई, तिथे फीच नाही. सेमिस्टरला थोडेसे भरायचे, बस. राहण्याखाण्याचे पैसे तेवढे आधी तिकडच्या बँकेत ठेवून दाखवायचे.”

“फी नाही? मग शिकवतात तरी काय?”

बोलून गेल्या आणि बाईंनी जीभ चावली. फुकटच्या शाळेत काय शिकवत असणार, हे वाक्य त्यांनी स्वतःच्या शाळेबद्दल जन्मभर ऐकलं होतं. ते ऐकून भांडल्याही होत्या. आणि आज तेच आपल्या तोंडून निघालं! शरमेने म्हणा, मायेने म्हणा, त्यांनी पी.एफ.मधून पैसे काढले आणि पोराला पाठवलं. शंका मात्र पोटात राहिली ती राहिलीच.

वर्ष गेलं. दिवाळीनंतर एका संध्याकाळी रत्नदीप पेढे घेऊन आला. “ताई, अमृताचा निकाल लागला. एकाहत्तर! डिस्टिंक्शन!”

कांताबाईंनी पेढा घेतला, पण तोंडात घालवेना. “एकाहत्तर? एकाहत्तरला डिस्टिंक्शन?”

“अगं, तिकडे सत्तरच्या वर सहसा देतच नाहीत. तिकडचे एकाहत्तर म्हणजे आपल्याकडचे नव्वद समज.”

बाईंनी समजून घेतलं. दोनच दिवसांनी सम्यकचा फोन आला. आवाजात असा आनंद की कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. “आई, तो मॅथ्सचा पेपर सुटला! चार आले!”

पाच हा शेवटचा आकडा, एवढं त्याने मागे कधीतरी सांगितलेलं त्यांना आठवत होतं. पाचपैकी चार, म्हणजे ऐंशी टक्के. आणि अमृताचं सूत्र लावलं तर शंभराच्याही पुढे! दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत कलाकंद नेला. सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. देवयानी नावाची नवी शिक्षिका होती, तिचा भाऊ जर्मनीत शिकून आलेला. ती हातातला तुकडा तसाच धरून म्हणाली, “मॅडम, तिकडे उलटं असतं. एक म्हणजे सगळ्यात भारी. चार म्हणजे... काठावर पास.”

कांताबाई “हो का” म्हणाल्या आणि तास नसतानाही वर्गावर गेल्या.

घरी येऊन त्यांनी फोन लावला. “खरं सांग, काठावर पास झालास?”

“हो.”

“मग एवढा नाचत का होतास?”

“आई, दोनदा नापास झालेलो. तुला बोललो नव्हतो. हा तिसरा चान्स होता. यात गेलो असतो तर युनिव्हर्सिटीतून बाहेर. मग या अख्ख्या देशात हा कोर्स पुन्हा कुठेच करता येत नाही.”

“तू? नापास?”

“इथे अर्धा वर्ग उडतो गं. सरांना त्याचं काही वाटत नाही. फी कुणी भरलेलीच नसते, मग राहा नाहीतर जा.”

बाईंना आधी राग आला, मग रडू आलं, मग दोन्ही जिरलं आणि उरला तो नुसता गोंधळ. कर्ज काढून शिकणारी पास, फुकट शिकणारा मरता मरता वाचला. हुशार कोण म्हणायचं? अवघड काय म्हणायचं? आपल्या शाळेत तर पोरांना नापास न करता पुढे ढकलण्यात वर्षं गेली. ते चूक होतं की बरोबर, हेही आता सांगवेना.

नाताळाच्या सुमारास अमृता परत आली. तिकडे नोकरी मिळाली नव्हती. आत्याकडे जेवायला आली तेव्हा बाईंनी सरळच विचारलं, “खरं सांग हं, सोपं होतं का गं तुझं?”

अमृता भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, “आमच्यात नापास कुणीच नाही झालं, आत्या. मामला सोपा, असं तुला वाटेल. पण इथे चार वर्षांत मी स्वतःच्या मनाने एक पान तरी लिहिलेलं का? सम्यकचं उतरवलं, गाइडमधलं उतरवलं. तिथे मॅडम विचारायच्या, हे तू का म्हणतेस? एकेक निबंध सहा-सहा वेळा परत यायचा. पहिले दोन महिने मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे.”

“मग सम्यकचं अवघड की तुझं?”

“त्याचा पेपर मला सुटला नसता. आणि माझा निबंध त्याला जमला असता की नाही, काय माहीत!”

बाईंनी तिच्या ताटात आणखी भाजी वाढली. उत्तर मिळालं होतं की प्रश्न वाढला होता, त्यांना ठरवता येईना.

पुढे अमृताला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरी लागली. पगार परदेशी न गेलेल्या मैत्रिणींपेक्षा थोडासाच जास्त. हप्ते सुरू झाले. रत्नदीप एकदा वैतागून बोलून गेला, “ताई, तुझं पोरगं फुकटात शिकलं. आमचीच अक्कल कमी पडली.” बाई फणकारल्या, “फुकटात? वर्षभर माझ्या पोराला धड झोप नाही!” दोघं आठवडाभर बोलली नाहीत. मग रत्नदीपच पापलेट घेऊन आला आणि विषय तिथेच थांबला. सम्यकचे बाकीचे पेपर सुटले, आता प्रबंध चालू आहे. मार्क किती पडले, हे बाई हल्ली विचारत नाहीत. जेवलास का, एवढंच विचारतात.

पण बिल्डिंगमध्ये एव्हाना गवगवा झाला होता की परदेशी शिक्षणातलं कांता मॅडमना सगळं कळतं. मागच्या महिन्यात तळमजल्यावरच्या विमलाबाई नात ऋतिकाला घेऊन वर आल्या.

“मॅडम, हिला कुठे धाडू? जिथे पैसा कमी आणि शिक्षण चांगलं, असा देश सांगा.”

कांताबाईंनी चहा ठेवला. “विमलाबाई, देवाशपथ सांगते,” आणि आपण देव मानत नाही हे आठवून थांबल्या, “खरंच सांगते, मला नाही कळलेलं. पैसे कमी तिथे पोर पिळून निघतं. पैसे जास्त तिथे पास होतं, पण शिकतंही. आणि इकडे काय शिकलं, ते तिकडे गेल्यावर कळतं.”

“म्हणजे धाडू की नको?”

“मला खरंच नाही सांगता येत.”

विमलाबाईंनी चहा अर्धाच घेतला. जिना उतरताना त्या नातीला म्हणाल्या, आणि वर स्पष्ट ऐकू आलं, “बघ, स्वतःचा पोरगा लागला मार्गाला, आता दुसऱ्याला सांगायला नको यांना.”

बाईंना ते लागलं. दोन दिवस त्या जिन्यात रेंगाळल्या, विमलाबाई दिसतात का म्हणून. तिसऱ्या दिवशी ऋतिकाच भेटली. “आजी, आमचं आयर्लंडचं ठरलं,” ती हसत म्हणाली. कांताबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आयर्लंडात किती मार्कांना पास करतात, हे त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्या नुसतं “छान झालं हं” म्हणाल्या आणि शाळेच्या वाटेला लागल्या.