तांबड्या थरातला शंख

थरमास्तर कुणाकडे पाहुणे म्हणून गेले, तरी आधी विहिरीत डोकावत. चहा नंतर. प्रवरेकाठच्या आमच्या शाळेत ते शास्त्र शिकवत, मी चित्रकला. त्यांचं खरं नाव हजेरीपटातच राहिलं.

"खालचा थर थोरला, वरचा धाकटा. पृथ्वीचं वय असंच वाचायचं," ते वर्गात सांगत. "आणि खूण केल्याशिवाय थरातली वस्तू उचलायची नाही. उचलली की तिचं वय गेलं." पोरं जांभया देत, दारात उभा राहून ऐकणारा मी मात्र भारावून जाई. सहा वर्षं दर रविवारी मी त्यांच्यामागे विहिरी उतरलो. ते थर मोजत, मी चित्रं काढी.

आमच्या काळ्या कातळाचं वय तेव्हा पंडितांत वादाचं होतं. लाव्हाच्या दोन थरांमध्ये एखाद्या जीवाचा अवशेष मिळाला, तर त्यावरून काळ ठरणार होता. नागपूरकडे असे अवशेष मिळत, आमच्याकडे काही नाही. "आपला जिल्हा मुकाच राहणार का हो, चित्रकार?" असं मास्तर विचारत, तेव्हा मला भरून येई.

एका रविवारी नव्या विहिरीतून त्यांची हाक आली. खाली उतरून पाहतो, तर दोन कातळांमधल्या तांबड्या मातीत एक शंख रुतलेला, शेजारी खडूची खूण. मी चित्र काढलं, 'समक्ष पाहिले' असं लिहून सही ठोकली. मास्तरांनी ते पुण्याच्या एका प्राध्यापकांना धाडलं. विहीर खणणारे म्हादबा तेवढे म्हणाले, "आमी म्हैनाभर खनतोय, येक शिंपी घावली न्हाई. मास्तरास्नी लगीच कशी घावली?" मी त्यांनाच झापलं.

मोठं चित्र काढायला शंख घरी आणला. सुईनं कोरताना आतून करडी वाळू गळली, नदीकाठची. तांबड्या मातीचा कणही नव्हता. आतला गाळ तपासायला मला मास्तरांनीच शिकवलं होतं.

विचारलं, तर ते रागावलेही नाहीत. "थर खराच आहे हो. शंख आज ना उद्या मिळालाच असता."

"आणि माझी सही?"

"तुमची सही आहे म्हणून तर ते विश्वास ठेवतील."

हे वाक्य आजही माझ्या गळी उतरत नाही. त्याच दिवशी मी पुण्याला पत्र लिहून सही मागे घेतली. मास्तर राजीनामा देऊन गाव सोडून गेले. मी पोचवायला गेलो नाही.

शंख माझ्याकडेच आहे. नदीत नेमका कुठून उचलला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, त्यामुळे त्याचं वय आता कुणालाच सांगता यायचं नाही. आमच्या सहा वर्षांचंही तसंच झालं. त्यातले कोणते रविवार खरे होते, हे मला ठरवता येत नाही.