अंबाडीचं आंबट पाणी

पैनगंगेच्या वऱ्हाडकाठी आईनं मला बैलगाडीत बसवलं, तेव्हा तिनं आशीर्वाद थोडे आणि स्वयंपाकाच्या सूचना जास्त दिल्या. शेवटची सूचना चाक पाण्यात उतरताना आली. "अंबाडीचं पयलं पाणी फेकत जाय, नाई तं दात आंबतात." नदी ओलांडली की निजामाचं राज्य. नाक्यावर करोडगिरीच्या शिपायानं माझी ट्रंक तळापर्यंत उसकटली, पण आईचं वाक्य मी डोक्यातून नेत होते. त्यावर जकात नव्हती.

तुम्ही भावंडं नदीच्या त्या अंगाला राहिलात म्हणून सांगते. बोथला आमच्या ह्यांची तहसीलीत कारकुनी. दिवसभर उर्दू कागद चाळून हा माणूस घरी यायचा आणि आमटीची चव घेऊन "मंजूर" नाहीतर "नामंजूर" म्हणायचा. भाषा बदलली, राज्य बदललं, माझी अंबाडी मात्र बदलली नाही. पाला उकडायचा, पाणी परसात ओतायचं, मग धुणं पिळावं तसा तो पिळायचा आणि शिजलेली तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या घालून मंद आचेवर रटरटत ठेवायचा. शेजारची लच्चमक्का भाजीचा मळा करायची. कुंपणापलीकडून माझं पाणी ओतणं बघायची आणि कपाळाला हात लावायची. ती तेलुगू माणसं अंबाडीला पुंटीकूर म्हणतात आणि आंबटपणासाठीच रांधतात. मला त्यांची कीव यायची. अडाणीपणाला आत्मविश्वास लागतो, तो माझ्याकडे भरपूर होता.

माझी लेक गोदी पाच वर्षांची झाली, त्या उन्हाळ्यात तिला रानाकडचा हिवताप आला. ताप गेला, जाताना भूकही घेऊन गेला. दूधभात नको, वरण नको, माझी पिळलेली अंबाडी तर नकोच. पोरीच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. ह्यांनी ते नदीपलीकडे गावी कळवलं, तसं मामाजींचं उत्तर आलं. म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. मंगळवारी गाडी घेऊन येतो, पोर जेवत नसेल तर दुसऱ्या दिवशी घेऊन जातो. त्यात त्यांचं चूक काही नव्हतं. पण जेठ महिना संपत आला होता. एकदा नदी फुगली की दसऱ्यापर्यंत गाडी उतरत नाही. चार महिने. मी गोदीचे परकर गाठोड्यात बांधले आणि पुन्हा पुन्हा गाठ घट्ट करत बसले.

मंगळवारी सकाळी लच्चमक्का अंबाडीच्या दोन जुड्या घेऊन स्वतःच आली. तिचं आणि माझं बोलणं हिंदीत चालायचं, दोघींनाही ती येत नसल्यामुळे छान जमायचं. म्हणाली, "पानी नै फेकना, अक्का. बुखार का मूं है, खट्टा होना."

मी ऐकलं, पण अर्धंच. पाणी फेकलं नाही. आता सगळं एकत्रच शिजवायचं तर वेगळी भांडी कशाला, असं म्हणून पाला, कण्या आणि कच्ची डाळ एकाच मडक्यात घातली. आंबटात डाळ शिजत नाही, हे कुणालाही ठाऊक असतं. मला नव्हतं, कारण आईच्या रीतीत कच्च्या डाळीची आणि आंबटाची गाठच पडत नाही. दुपारी डाळ कडक. मी पाणी वाढवलं. ऊन उतरलं तरी कडक. पाला लोण्यासारखा विरघळला, कण्या फुलल्या, आणि डाळ खडीसारखी जशीच्या तशी. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

दुसरं काही करायला वेळ नव्हता. लसूण, लाल मिरचीची फोडणी ओतली आणि वाढलं. मामाजींच्या शेजारी गोदी बसली. तिनं भाकरीचा तुकडा रसात बुडवला, चोखला आणि डोळे बारीक केले. मी तिच्याकडे न बघता तव्याकडे बघत राहिले. पोरीनं डाळीचा दाणा तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि दुसरा तुकडा बुडवला. मग तिसरा. कडेला डाळीची रांग लागली आणि भाकरी संपली.

"आई, अजून दे," ती म्हणाली.

मामाजी बराच वेळ काहीतरी चावत होते.

"सूनबाई, डाळ तं शिजली नाई," ते शेवटी म्हणाले. "पण पोर जेवून राह्यली. राहू दे तिले इथंच."

मी भाकरी थापायला वळले, म्हणून रडलेलं कुणाला दिसलं नाही. पीठ जरा सैल झालं एवढंच.

दुसऱ्या दिवशी मामाजींची गाडी रिकामी गेली. लच्चमक्का डाळीची हकिकत ऐकून पोट धरून हसली. "दाल पैले पकाना, पत्ता बाद में. इत्ता बी नै मालूम?" मग तिनं ती आख्ख्या गल्लीला तेलुगूत सांगितली. मला तेलुगू तेव्हा येत नव्हती, पण आपलं नाव कुठं येतं ते बरोबर कळतं.

ती हसून गेल्यावर मी गाठोडं सोडायला बसले. गाठ इतकी घट्ट बांधली होती की शेवटी दातांनी सोडवावी लागली. परकर एकेक करून खुंटीवर टांगले. मग तुम्हाला खुशालीचं पत्र लिहिलं. तोवर मी "बोथच्या बिऱ्हाडी सर्व ठीक" असं लिहायची. त्या दिवशी हातून "घरी सर्व ठीक" असं लिहिलं गेलं. शाई वाळेपर्यंत बघत बसले. खोडावंसं वाटलं नाही.